पहिल्या प्रकरणाचा माणूस

पीएच.डी.ला नाव लागलं की आमच्या विभागात दोन माणसांना भेटावं लागायचं. एक मॅडम, कारण त्या मार्गदर्शक. दुसरे सिनियर, कारण मॅडमच म्हणायच्या, "आधी त्यांना भेटून या, मग माझ्याकडे या. माझा वेळ वाचतो."

सिनियरना आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना सिनियरच म्हणायचे. विभागप्रमुख तर त्यांच्या मागून आले, पीएच.डी. झाले, प्राध्यापक झाले, प्रमुखही झाले, तरी जिन्यात समोरासमोर आले की "काय सिनियर!" म्हणत बाजूला होऊन वाट द्यायचे. चाळिशी ओलांडलेला, काटक, कपाळावर हेल्मेटचा वळ कायमचा उमटलेला हा माणूस समाजशास्त्रात संशोधन करत होता. विषय, पूर्व विदर्भातले आठवडी बाजार. किती वर्षं करतोय, ते मात्र विचारायचं नाही, असा आमच्याकडे अलिखित नियम होता.

पण नव्या माणसाला सुरुवात करून द्यावी तर त्यांनीच. मी काटोलहून आले तेव्हा माझ्याकडे एक जाडजूड फाइल होती आणि तिच्यावर विषय लिहिला होता, 'असंघटित क्षेत्रातील स्त्रियांचे सामाजिक व आर्थिक सक्षमीकरण'. सिनियर लायब्ररीत खिडकीजवळच्या टेबलावर बसले होते. त्यांनी तो विषय वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"बापा! एवढ्या विषयात तर तुझी आई येते, माझी बायको येते, अर्धं नागपूर येते. कोणाले सोडलं का नाही तू?"

मी रडकुंडीला आले. तीन दिवस खपून मी तो विषय सजवला होता.

"तोंड काहून पाडून राहिली वं?" ते म्हणाले. "फोन काढ. तुझ्या आईले लाव. स्पीकरवर ठेव."

ही सिनियरची प्रसिद्ध परीक्षा. आपला विषय आईला फोनवर सांगायचा. आईनं "मग?" म्हटलं तर विषय चालतो, पुढे जायचं. "बरं, जेवली का?" म्हटलं तर विषय बदलायचा. अपील नाही. लायब्ररीत फोन वापरायला बंदी होती, म्हणून ही परीक्षा जिन्याखाली, पाण्याच्या टाकीशेजारी व्हायची आणि सिनियर बाहेरून आलेल्या परीक्षकासारखे हाताची घडी घालून उभे राहायचे.

मी आईला विषय सांगितला. आई म्हणाली, "हाव का? चांगलं आहे. जेवली का तू?"

सिनियर नुसतेच हसले. पुढचे दोन आठवडे मी रोज नवा विषय घेऊन टाकीशेजारी जात होते आणि आई रोज माझ्या जेवणाची चौकशी करत होती. तिला शेवटी वाटलं की मी इथे उपाशीच राहते. तिनं भावाच्या हाती डबाभर लाडू पाठवले. सिनियरनी त्यातले चार खाल्ले आणि म्हणाले, "विषय नाही मिळाला, पण लाडू मिळाले. काम सुरू आहे."

मग एकदा मी कंटाळून, काहीच न ठरवता आईला म्हटलं, "आई, ते जुने कपडे घेऊन भांडे देणाऱ्या बाया येतात ना आपल्याकडे, त्यांच्यावर करू का?"

आई म्हणाली, "मग? ते एवढे जुने कपडे कुठं जाते वं? मी किती वर्षांपासून देऊन राहिली, कधी विचारलंच नाही."

सिनियरनी टाकीवर अशी थाप मारली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. "हे लिहून घे! जसंच्या तसं लिही. हा तुझा प्रश्न आहे अन् तो तुझ्या आईनं मांडला." नोंदणीच्या समितीपुढे मी तोच प्रश्न जरा इस्त्री करून मांडला आणि समितीतल्या एका कडक बाईंनी "मग?" म्हटलं. मी मनातल्या मनात टाकीला नमस्कार केला.

त्यांच्या बाकी शिकवणीतही पुस्तकी काही नव्हतं. मॅडमना आठवड्यातून एकदा तोंड दाखवायचं, काम झालं असो वा नसो; न झालेलं कामही दाखवायचं. झेरॉक्स काढली म्हणजे वाचलं असं धरायचं नाही. नातेवाइकांनी "कधी संपणार?" विचारलं तर त्यांच्या मुलाच्या नोकरीची चौकशी करायची. आणि सगळ्यांत मोठा नियम, पहिल्या दिवशी प्रश्नावली पिशवीतून काढायची नाही. मला घेऊन ते इतवारीत गेले, ज्या गल्लीत या बायका ठोकात भांडी घ्यायला येतात तिथे. मी सवयीनं कागद काढायला लागले तर त्यांनी माझी पिशवीच स्वतःच्या खांद्याला अडकवली. सकाळभर आम्ही हातगाड्यांचे धक्के खात नुसते उभे राहिलो. दुपारी एका बाईनं आपणहून विचारलं, "तुमचं काही हरवलं का?" तिथून माझं काम सुरू झालं.

हा माणूस सगळंच अर्धवट सोडायचा असं म्हटलं तर चित्र छान जमेल, पण ते खोटं होईल. तर्रीपोह्याची प्लेट ते अशी साफ करायचे की ठेलेवाला ती न धुताच पुढच्याला देईल की काय अशी भीती वाटावी. क्रिकेटचा सामना शेवटच्या चेंडूपर्यंत बघायचे, हरताना सुद्धा. एका कॉलेजात ते तासांवर शिकवायचे, तिथला अभ्यासक्रम दर वर्षी वेळेआधी पूर्ण करायचे. संपत नव्हता तो फक्त प्रबंध.

आणि त्याचं कारण ते स्वतःच फार समजूतदारपणे सांगायचे. "मी चुकीच्या जागेहून सुरुवात केली होती. आता खरी जागा सापडली." दर वर्ष-दीड वर्षानं त्यांना खरी जागा सापडायची. मग ते फुलस्केप कागद आणायचे, आपल्या सुंदर, गोल अक्षरात वर 'प्रकरण पहिले' लिहायचे आणि नव्या उत्साहानं पन्नास-साठ पानं लिहून काढायचे. संगणकावर ते काही करत नसत. टायपिंग शेवटी, असं त्यांचं म्हणणं. ती पानं पुरी व्हायच्या सुमारास त्यांच्या लक्षात यायचं की सुरुवात इथून नाहीच, ती दुसरीकडूनच आहे.

जुन्या पहिल्या प्रकरणाचं ते काय करायचे? त्या वर्षी जो नवा विद्यार्थी आला असेल त्याला देऊन टाकायचे. मलाही मिळालं. "हे माझ्या कामाचं नाही, तुझ्या कामी येईल," ते म्हणाले. "पहिलं प्रकरण कसं लिहावं त्याचा नमुना आहे. परत करू नको." बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांवर होतं ते. मी ते उशीशी ठेवून वाचलं, आणि खरं सांगते, माझं पहिलं प्रकरण त्याच्याच आधारानं उभं राहिलं. विद्यापीठात मिळाली नसती अशी शिकवणी मला त्या पानांतून मिळाली, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

मग त्या उन्हाळ्याच्या तोंडावर विद्यापीठाचं पत्र आलं. मुदतवाढीवर मुदतवाढ देऊन विद्यापीठही थकलं होतं. जूनअखेर प्रबंध सादर झाला नाही तर नोंदणी रद्द. मॅडमनी मला आणि रोशनला बोलावून घेतलं. रोशन माझ्या एक वर्ष मागचा, भंडाऱ्याचा, सिनियरनीच सुरुवात करून दिलेला.

मॅडम म्हणाल्या, "माझं ते ऐकत नाहीत. नोंदणी गेली की त्यांचे कॉलेजातले तासही जातील, तिथे कायम व्हायची आशा तर जाईलच. इतकी वर्षं टाचा घासलेला माणूस, हातात काही न घेता घरी जाईल. तुम्ही बोला त्यांच्याशी."

आम्ही बोललो. सिनियर शांतपणे म्हणाले, "काळजी करू नका. मी नव्यानं सुरुवात करून राहिलो. आता खरी जागा सापडली."

मला त्या दिवशी त्यांचा राग आला. बाहेर चहाच्या टपरीवर मी रोशनवर उगाच डाफरले.

रोशन म्हणाला, "नवीन कशाला पाहिजे? त्यांचं जुनं पहिलं प्रकरण आहे ना माझ्याकडे. तेच घेऊन पुढचं लिहू म्हणा त्यांना. मस्त आहे, टेम्पोवाल्यांचं."

"कुठल्या टेम्पोवाल्यांचं?"

"अगं, व्यापारी कसे सोमवारी या गावात, मंगळवारी त्या गावात फिरतात, त्यांचे टेम्पो, त्यांचे रस्ते. तुलेही दिलं असन ना?"

"माझ्याकडचं भाजीवाल्या बायकांवर आहे," मी म्हटलं.

चहा तसाच राहिला. रोशननं फोन काढला आणि आमच्या आधीच्या, आता गडचिरोलीत शिकवणाऱ्या ताईंना लावला. त्यांच्याकडे होतं बाजाराच्या जागेवर, कुठल्या जातीचा माणूस कुठे बसायचा आणि आता कुठे बसतो त्यावर. वर्ध्याच्या सरांकडे ग्रामपंचायत बाजाराचा ठेका कसा देते ते. प्रत्येक जण म्हणत होता, "पहिलं प्रकरण ना? आहे की, जपून ठेवलंय." सिनियरनी संशोधनात लावून दिलेल्या प्रत्येकाच्या कपाटात त्यांचा प्रबंध एकेक प्रकरण करून पडला होता आणि कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. त्यांना स्वतःलाही नव्हता.

पुढचा आठवडा आम्ही गोळा करत फिरलो. गडचिरोलीचं एसटीनं आलं. वर्ध्याच्या सरांनी तर पानंन् पान लॅमिनेट केलं होतं. गडचिरोलीच्या ताईंच्या मुलीनं मागच्या कोऱ्या बाजूंवर हत्ती काढले होते. लकडगंजात एक जण संशोधन सोडून वडिलांच्या लाकडाच्या दुकानात बसला होता. त्याच्याकडे मागायला आम्हाला संकोच वाटत होता, पण त्यानं गल्ल्याखालच्या कप्प्यातून लगेच काढून दिलं. म्हणाला, "माझं सगळं रद्दीत दिलं गा. हे नाही देववलं." गुरांच्या बाजारावरचं ते प्रकरण मला सगळ्यांत आवडलं.

सगळं घेऊन आम्ही महाल भागात सिनियरच्या घरी गेलो. दोन खोल्या, वरचा मजला, कूलरची घरघर. वहिनी तिथल्याच एका शाळेत शिक्षिका. आम्ही सतरंजीवर ते ढीग मांडले आणि सिनियर शाबासकी देतील म्हणून बघत राहिलो.

ते भडकले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "या मी टाकून दिलेल्या सुरुवाती आहे! तुम्ही ठेवून काहून दिल्या गा? कोणी सांगितलं होतं?"

रोशन घाबरून जिन्याकडे सरकला. वहिनी मात्र खाली बसल्या आणि पानं चाळायला लागल्या. मुलांचे पेपर तपासायची सवय असलेला हात, भराभर चालत होता. इतक्या वर्षांत त्यांना यातलं एकही पान दिसलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी एक गठ्ठा उचलून दुसऱ्याच्या आधी ठेवला, मग तिसरा मध्ये घातला.

"अहो," त्या म्हणाल्या, "जागा, मग ठेका, मग बाया, मग टेम्पो, मग गुरं. हा तर पुरा प्रबंध आहे. तुम्ही सगळ्यांवर 'प्रकरण पहिले' काहून लिहिलं?"

सिनियर खिडकीत जाऊन उभे राहिले.  मग आमच्याकडे न बघताच म्हणाले, "मले भीती वाटते वं. सुरुवात केली का सगळे म्हणते, चांगली आहे. संपवलं का मग ते पुरं वाचते. पुरं वाचून जर म्हटलं, एवढ्या वर्षांत हेच केलं का, तर मी काय सांगू?"

 आम्हा सगळ्यांची भीती घालवणारा माणूस स्वतःची घेऊन एकटाच बसला होता, आणि आम्ही त्याला लाडू खाऊ घालून त्याच्याकडून शिकवण्या घेत होतो.

वहिनींना हळहळायला वेळ नव्हता. "शेवटचं प्रकरण कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

ते नव्हतंच. निष्कर्ष कुणालाच मिळाला नव्हता, कारण तो कधी लिहिलाच नव्हता. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, निष्कर्षाशिवाय सही करणार नाही. सिनियर राजी झाले, बसले, आणि चार दिवसांत त्यांनी जे लिहून आणलं ते अत्यंत सुंदर असं पहिलं प्रकरण होतं. 'सकाळी सहाला बाजाराच्या मैदानावर पहिला खुंटा ठोकला जातो' अशी त्याची सुरुवात. मॅडमनी डोक्याला हात लावला.

तेव्हा वहिनींनी विचारलं, "तुम्ही बाजारात संध्याकाळी कधी थांबले होते का?"

सिनियर आठवू लागले. आठवता-आठवता त्यांचा चेहरा उतरला. ते नेहमी पहाटेच्या बसनं जायचे. बाजार भरताना बघायचे, कोण कुठे बसतो ते टिपायचे, दुपारी परतीची बस पकडायचे. इतक्या वर्षांत, इतक्या गावांत, त्यांनी एकही बाजार उठताना पाहिला नव्हता. ज्यांनी आम्हाला इतवारीत तासन्‌तास उभं राहायला शिकवलं, त्यांच्याकडून हे व्हावं, याचं मला हसू आलं आणि हसून झाल्यावर वाईटही वाटलं.

येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही चौघं भिवापूरच्या अलीकडच्या एका गावात गेलो. मे महिन्याचं ऊन, डोक्याला दुपट्टे, पाण्याच्या बाटल्या. दुपारपर्यंत सिनियर राजासारखे फिरले. ओळखीचे दुकानदार हाका मारत होते. तीन वाजले आणि त्यांची चुळबुळ सुरू झाली. "चला आता. सगळं पाहून झालं. बस निघून जाईन." वहिनींनी त्यांची पिशवी काढून घेतली आणि तिच्यावरच बसल्या.

पाचनंतर भाव कोसळले. सकाळी ज्यांना हात लावू देत नव्हत्या ते टमाटे आता बायका ओंजळीनं देत होत्या. ताडपत्र्या खाली आल्या, खुंटे उपटले गेले. उरलेली मेथी एका म्हातारीनं शेजारच्या बांगड्यावालीच्या टोपलीत टाकली आणि तिनं मोबदल्यात तिच्या नातीसाठी दोन बांगड्या दिल्या. सकाळभर दोघी भांडत होत्या. गाई येऊन पालापाचोळा खाऊ लागल्या. टेम्पोत माल चढवताना एक जण पोरांना ओरडत होता, "कांदे खाली टाक, कांदे! उद्या पहिले कांदे काढाचे आहे."

सिनियर त्याच्याजवळ गेले. "उद्या कुठं?"

त्यानं पुढच्या गावाचं नाव सांगितलं. "तिथं सकाळी सहाले मांडाचं. इथलं आता झालं."

मैदान मोकळं झालं तरी सिनियर तिथेच उभे होते. त्यांनी कागद मागितला. टेम्पोच्या चाकाच्या खुणांकडे बघत, उभ्या-उभ्याच, वहिनींच्या पाठीवर कागद टेकवून त्यांनी लिहायला सुरुवात केली. वहिनी वाकून स्थिर उभ्या राहिल्या. मी आणि रोशन बस थांबवायला रस्त्यावर धावलो.

प्रबंध जूनमध्ये मुदतीच्या आत गेला. हिवाळ्यात तोंडी परीक्षा झाली. विभागाचं सभागृह भरून गेलं होतं. गडचिरोली, वर्धा, लकडगंज, सगळे आले होते. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क आणि गंभीर होते. त्यांनी बरंच विचारलं, सिनियरनी सगळं सांगितलं. मग त्यांनी प्रबंध मिटला आणि म्हणाले, "माझी एक तक्रार आहे. तुमचं प्रत्येक प्रकरण असं सुरू होतं, जणू तेच पहिलं आहे. वाचणाऱ्याला दर वेळी नव्यानं बसावं लागतं. हे असं का?"

मॅडम पंख्याकडे बघायला लागल्या. रोशननं डोळे मिटून घेतले. सभागृहात निदान दहा जणांना याचं खरं उत्तर ठाऊक होतं.

सिनियर उभे होते. दिवसभर त्यांनी पुस्तकी मराठी सांभाळली होती, ती या एका वाक्यात सुटली. "सर, बाजार रोज पहिल्यापासूनच मांडावा लागते."

परीक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "पुस्तक काढा याचं. आणि ही सुरुवात कुठेही बदलू देऊ नका."

अर्ध्या तासानं निकाल जाहीर झाला. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. सिनियर तेवढे खुर्चीत बसून राहिले. मॅडमकडे बघत हळूच म्हणाले, "मॅडम, आता?"

"आता काय? संपलं."

"संपलं म्हणजे, उद्या मी काय करू?"

"उद्या झोपा," मागच्या रांगेतून वहिनींनी सांगितलं.

सिनियरनी टेबलावर डोकं टेकवलं आणि मोठ्यांदा रडायला लागले. कसली लाज नाही, काही नाही. वहिनी पुढे गेल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. टाळ्या थांबवायच्या की नाही ते आम्हाला कळेना, म्हणून आम्ही त्या वाजवतच राहिलो.